दिवा नवा, वायरिंग जुनं : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

छताचा दिवा बदलण्याबद्दल आलेल्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसते. फिटिंग कसं बसवायचं हे बहुतेकांना ठाऊक असतं, अडतं ते जुनं झाकण उघडल्यावर. आत दोनाऐवजी चार वायरी निघतात, रंग जुळत नाहीत किंवा हात लावताच रबर गळून पडतं. म्हणून या अंकात दिव्यापेक्षा त्याच्या मागच्या वायरिंगवर जास्त लिहिलं आहे.

प्रश्न : आमचं घर कौलारू, साठेक वर्षांचं. बल्कांवात (दारापुढच्या उघड्या ओसरीत) छताला चिनी मातीचा सिलिंग रोज, म्हणजे वायरी जोडायची गोल डबी, असून त्यातून वायरीवर होल्डर लोंबतो. तो काढून एलईडीचं गोल फिटिंग लावायचं आहे. हे घरच्या घरी करता येईल का? (वाचक, डिचोली)

फिटिंग बदलण्यापुरतं करता येईल. 1956 च्या भारतीय वीज नियमांपासून चालत आलेली तरतूद अशी की दिवा, पंखा, फ्यूज, खटका आणि फिटिंग हे होतं तसंच बदलायला परवानाधारक कंत्राटदार लागत नाही, मात्र त्यामुळे वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. नवा पॉइंट काढणं, वायर ओढणं, बोर्ड बदलणं ही कामं परवानाधारकाचीच.

नुसता दिव्याचा खटका बंद करून वर चढू नका. जुन्या घरांत खटका कधी कधी फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) बसवलेला असतो. तसं असेल तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये 230 व्होल्ट कायम राहतात. मेन स्विच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावरही तो त्याच दिव्यांना वीज देत राहतो, तेव्हा इन्व्हर्टर बंद करून त्याची घराकडे जाणारी जोडणीही तोडा. मेन चालू असतानाच टेस्टर एखाद्या जिवंत सॉकेटवर लावून पेटतो का पाहा, मेन पाडून सिलिंग रोजमधल्या प्रत्येक पितळी पट्टीवर लावा, आणि शेवटी मेन क्षणभर चालू करून पुन्हा त्या सॉकेटवर तपासा. टेस्टरचा निऑन मधेच निकामी झाला तर मेलेली वायर आणि मेलेला टेस्टर यांतला फरक कळत नाही, म्हणून हा खटाटोप. शिडी लाकडी किंवा फायबरची घ्या आणि काम दिवसाउजेडी करा, कारण घरातले सगळे दिवे बंद असणार आहेत.

सिलिंग रोजचं झाकण फिरवून काढलं की आतल्या पितळी पट्ट्या मोजा. दोन असतील तर एकीवर खटक्यातून आलेली वायर, दुसरीवर न्यूट्रल. तीन असतील तर जास्त जपा. तिसऱ्या पट्टीवर बहुधा थेट फेज असतो, तो पुढच्या पॉइंटकडे नेण्यासाठी तिथे जोडलेला असतो आणि खटका बंद केला तरी जिवंत राहतो. वायर सोडवण्याआधी फोटो काढा. एका पट्टीखाली दोन वायरी पिळलेल्या दिसल्या तर त्या एकमेकींपासून सोडवू नका, ती जोडी जशीच्या तशी नव्या कनेक्टरमध्ये गेली पाहिजे.

आता वायर पाहा. साठ वर्षांच्या घरात ती बहुधा रबरी आवरणाची असेल, वरून कापडी विणीची किंवा जाड काळ्या रबराची, सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेली. रबर घट्ट करायला गंधक वापरतात आणि गंधक तांब्याला खातं, म्हणून आतल्या तांब्यावर कथलाचा मुलामा असतो आणि तार चंदेरी दिसते. होल्डरजवळचं रबर सगळ्यात वाईट अवस्थेत असतं, कारण तिथे वर्षानुवर्षं साठ किंवा शंभर वॅटचा बल्ब तापत होता. टोकाजवळ नखाने हलकेच दाबा. रबर लवचीक असेल तर पुढे जा. भुगा पडला, तडे गेले, तर थांबा. वायर वाकवत राहिलात तर तडा पट्टीच्या आतपर्यंत जातो आणि तिथे तुम्हाला तो दिसणारही नाही. अशा वेळी दोन्ही टोकांवर वेगवेगळी सिलिकॉनची नळी चढवून, टोकं कनेक्टरमध्ये बंद करून, तो पॉइंट वायर बदलेपर्यंत वापराबाहेर ठेवा. टेप गुंडाळून भागत नाही, आपल्या दमट हवेत तिचा चिकटपणा एका पावसाळ्यात सुटतो.

वायर चांगली असेल तर सामान थोडंच लागतं : 12 ते 18 वॅटचं सरफेस एलईडी फिटिंग, दोन किंवा तीन घरांचे लिव्हर कनेक्टर (दांडी उचलून वायर अडकवायचे जोड), लाकडी गोल ठोकळा किडला असेल तर नवा, आणि 35 मिलिमीटरचे पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. साधे लोखंडी स्क्रू खाऱ्या वाऱ्यात गंजतात आणि पुढच्या वेळी डोकं तुटून येतं. ठोकळ्यात स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. तो सहज आत गेला तर वाळवी आहे, आणि ती ठोकळ्यापुरती नसेल, वाशापर्यंत बघा. बल्कांव उघडा असल्याने पावसाचे शिंतोडे आणि पाखरं दोन्ही येतात, त्यामुळे फिटिंग आयपी 54 (धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी) किंवा त्याहून वरचं घ्या. खोक्यावर इनपुट व्होल्टेजची मर्यादा वाचा. गावात दाब वरखाली होत असेल तर 100 ते 300 व्होल्ट चालणारं बरं. पावसाळ्याच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजा पडतात, त्यासाठी सर्ज संरक्षण (अचानक उसळणाऱ्या दाबापासून बचाव) निदान 4 केव्हीचं, म्हणजे 4000 व्होल्टचं, असू द्या. स्वस्त फिटिंगमध्ये बहुतेक वेळा एलईडी जळत नाही, त्याला हवा तसा प्रवाह देणारा आतला भाग, म्हणजे ड्रायव्हर, जळतो.

जोडताना तारेचं आवरण कनेक्टरवर छापलेल्या लांबीइतकंच सोला, साधारण 11 मिलिमीटर. काळवंडलेली तार सुरीच्या पाठीने हलकेच घासा, मुलामा खरवडू नका. खटक्यातून आलेली वायर फिटिंगच्या ‘एल’ला, न्यूट्रल ‘एन’ला. जोडल्यावर प्रत्येक वायर एकेकदा ओढून पाहा. ती हातात आली तर आताच आलेली बरी.

प्रश्न : फ्लॅट 1980 च्या दशकातला. हॉलच्या छतातून तीन वायरी आल्या, एक निळी आणि दोन काळ्या. नव्या फिटिंगला निळी आणि तपकिरी वायर होती. निळीला निळी जोडली, एक काळी तपकिरीला, दुसरी काळी उरली म्हणून टेप लावून आत सारली. हॉलचा दिवा लागतो, पण बेडरूम आणि बाथरूमचे दिवे गेले. वायर जळली असेल का? (वाचक, मडगाव)

वायर जळलेली नाही. जी काळी वायर तुम्ही उरलेली समजलात, तीच बेडरूमचं न्यूट्रल आहे.

आपल्याकडे फेज बहुधा बोर्डाबोर्डांतून फिरतो, पण न्यूट्रल पुष्कळदा दिव्यावरून दिव्याकडे नेलेलं असतं. एक काळी वायर बोर्डाकडून हॉलच्या दिव्यापाशी येते आणि तिथूनच दुसरी पुढे बेडरूमला जाते. हॉलच्या ठिकाणी दोघी एकत्र असल्या तरच पुढचे दिवे लागतात.

आधी मेन पाडा, कारण टेप लावलेलं ते टोक धोक्याचं आहे. बेडरूमचा खटका चालू असेल तर फेज बेडरूमच्या बल्बमधून उलटा येऊन त्या काळ्या वायरीच्या टोकाशी उभा राहतो. काळी म्हणजे न्यूट्रल, न्यूट्रलला हात लावला तर काही होत नाही, या समजुतीवर शिडीवरून पडणारे पुष्कळ असतात. झटका लहान असला तरी पडणं लहान नसतं.

दुसरी चूक रंगाची, आणि ती तुमची म्हणताच येणार नाही. इमारतीला तीन फेज येतात आणि त्यांचे आपल्याकडचे पारंपरिक रंग लाल, पिवळा, निळा. न्यूट्रल काळं, अर्थिंग हिरवं. ज्या फ्लॅटच्या वाट्याला निळा फेज आला, तिथे निळी वायर जिवंत असते. फिटिंग मात्र आंतरराष्ट्रीय रंगांनुसार येतं, त्यात तपकिरी म्हणजे फेज आणि निळी म्हणजे न्यूट्रल. निळीला निळी जोडली की फेज आणि न्यूट्रल उलट होतात. एलईडी तरीही लागतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण तिथे कधी पेचाचा होल्डर आला तर त्याची बाहेरची आटी जिवंत राहील, आणि बल्ब फिरवताना बोट तिथेच लागतं.

म्हणजे छताची निळी वायर फिटिंगच्या तपकिरीला, आणि छताच्या दोन्ही काळ्या फिटिंगच्या निळीबरोबर तीन घरांच्या एकाच लिव्हर कनेक्टरमध्ये. फिटिंगच्या छोट्या टर्मिनलमध्ये दोन जाड वायरी कोंबू नका. त्यातली एक सैल राहते, ठिणग्या पडतात आणि तिथलं प्लास्टिक वितळतं. रंगाची खात्री करायची तर टोकं उघडी आणि एकमेकांपासून दूर ठेवून, घरातले बाकी सगळे खटके बंद करून मेन चालू करा. हॉलचा खटका लावल्यावर जिच्यावर टेस्टर पेटतो आणि पाडल्यावर विझतो ती खटक्याची वायर. मग मेन पाडूनच जोडा.

प्रश्न : एलईडी बल्ब बंद केल्यावरही रात्री मंद जळत राहतो. (वाचक, वास्को)

तीन कारणं संभवतात. खटका न्यूट्रलवर असेल तर खटका बंद असतानाही होल्डरच्या एका पिनेवर टेस्टर लख्ख पेटेल. ही चूक बोर्डातच दुरुस्त करून घ्या, ती धोक्याची आहे. खटक्यात छोटा लाल इंडिकेटर असेल तर त्यातून झिरपणारा सूक्ष्म प्रवाह एलईडीला पुरतो. तो त्रासदायक, पण निरुपद्रवी. तिसरं, लांब पाइपातून फेज आणि खटक्याची वायर शेजारी शेजारी गेल्या की स्पर्श नसतानाही थोडा दाब पलीकडे उतरतो. तेव्हा डिजिटल मीटर 60 ते 90 व्होल्टही दाखवतो, पण त्या जागी साधा पिवळा बल्ब लावला की आकडा शून्यावर येतो. खरा आणि भासमान दाब ओळखायला हीच परीक्षा चांगली.

समुद्राजवळच्या घरात आणखी एक पाहावं. जुन्या काळ्या बेकलाइटच्या खटक्यात मीठ आणि ओल साचली की खटका बंद असूनही पृष्ठभागावरून प्रवाह वाहतो. पावसाळ्यात झगमग वाढते आणि उन्हाळ्यात थांबते, असं होत असेल तर खटकाच बदला.

प्रश्न : मूळ घर वर्षभर बंद असतं, चवथीला उघडतो. माटोळीवर (गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीवर) रोषणाई सोडण्यासाठी छताच्या होल्डरमध्ये दोन पिनांचा अडॅप्टर बसवून तिथूनच वायर घेतो. गेल्या वर्षी फ्यूज सारखा उडत होता, शेवटी जाड तार घातली. हे बरोबर आहे का? (वाचक, फोंडा)

जाड तार आजच काढा. दिव्याच्या सर्किटचा फ्यूज 5 अँपिअरचा, त्यासाठी कथलाचा मुलामा दिलेली 0.2 मिलिमीटर जाडीची तार पुरते. 15 अँपिअरची तार साधारण 0.5 मिलिमीटरची असते, ती फक्त मोठ्या प्लगसाठी. जाड तार घातली की फ्यूजचं काम भिंतीतली जुनी वायर करू लागते, आणि ती सागवानी पट्टीवर, कोरड्या वाशाला लागून गेलेली आहे.

फ्यूज का उडतो हे आधी शोधायला हवं. 5 अँपिअरमध्ये जवळपास 1150 वॅट मावतात. एलईडीच्या माळा 10 ते 20 वॅटच्या, तशा दहा लावल्या तरी काही बिघडत नाही. 500 वॅटचा हॅलोजन मात्र एकटा सव्वादोन अँपिअर घेतो, असे दोन लावून वर इस्त्री किंवा मिक्सर चालवला तर फ्यूज उडणं योग्यच आहे. भार एवढा नसताना उडत असेल तर वायरीत दोष आहे. बंद घरात उंदीर आवरण कुरतडतात, कौल सरकून पाणी पट्टीवर गळतं, ओल्या रबरातून फेज न्यूट्रलला भेटतो. चवथीच्या आदल्या दिवशी हे शोधायला वेळ नसतो, म्हणून घर निदान पंधरा दिवस आधी उघडा आणि वायरमनकडून 500 व्होल्टच्या मेगरने (वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या. आकडा निदान 1 मेगओहम हवा. मेगर लावण्याआधी एलईडी आणि इन्व्हर्टर काढून ठेवायला सांगा, त्या दाबाने ड्रायव्हर मरतात.

अशा घरांत मेन बोर्डावर चिनी मातीचे दोन फ्यूज शेजारी शेजारी दिसतात, एक फेजवर आणि एक न्यूट्रलवर. न्यूट्रलचा उडाला तर सगळं घर काळोखात जातं आणि वीज नाही असं वाटतं, पण प्रत्येक होल्डर जिवंत असतो. न्यूट्रलवरचा फ्यूज नियमांनाही धरून नाही. त्या जागी पक्की पट्टी बसवून घ्या.

रोषणाई होल्डरमधून घेऊ नका. होल्डरची स्प्रिंग आणि लोंबती वायर बल्बापुरतीच असते. बोर्डावर अर्थिंगचा सॉकेट काढून घ्या, त्यामागे 6 अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा खटका) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज बाहेर झिरपली की पडणारा खटका) बसवा. माटोळीचा भारही विसरू नका. नारळ, सुपारीचे घड, तोरिंगण, चिबूड असं सगळं ओलं आणि जड असतं. तिची दोरी थेट वाशाला बांधा, वायरच्या पट्टीला किंवा क्लिपेला नाही, आणि वाशावर खिळा ठोकताना मागून वायर गेलेली नाही हे पाहा. पानांतून पाणी ठिबकतं, त्या रेषेत माळेचा जोड किंवा अडॅप्टर ठेवू नका.

प्रश्न : राजांगणाच्या सोप्यात पितळेचं झुंबर लावायचं आहे. छताच्या पॉइंटला दोनच वायरी आहेत, अर्थिंग नाही. न्यूट्रलला जोडून चालेल असं कुणी सांगितलं. (वाचक, साखळी)

चालणार नाही. वाटेत कुठे न्यूट्रल सुटलं तर सगळं पितळ 230 व्होल्टवर येईल, आणि झुंबर पुसायला माणूस ते हातात धरतो. मेन बोर्डापासून 1.5 चौरस मिलिमीटरची हिरवी वायर वेगळी ओढून घ्या, ती जुन्या पट्टीच्या बाजूने पीव्हीसी केसिंगमधून नेता येते. तेवढं करायचं नसेल तर दुहेरी आवरणाचं, चौकोनात चौकोन अशी खूण असलेलं फिटिंग निवडा आणि झुंबराचा नाद सोडा.

अर्थिंगचा खड्डाही तपासून घ्या. चिऱ्याच्या कातळावर एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगचा रोध बराच वाढतो. पावसाळ्यात घेतलेलं माप उन्हाळ्यात खरं राहत नाही, तेव्हा माप मेमध्ये घ्या आणि खड्ड्यात पाणी घालत राहा. सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. कुणी जिवंत धातूला हात लावला तर अर्थिंग नसतानाही तो तुटतो, फक्त फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी पकडले तर त्याला कळत नाही.

वजन वाशावर घ्या, ठोकळ्यावर किंवा लाकडी छताच्या फळीवर नको. वाशाला आरपार बोल्ट, त्याला कडी, कडीला साखळी, आणि वायर साखळीतून सैल ओवलेली. वायरीवर ताण आला की कनेक्टर सुटतो.

प्रश्न : घरातलं वायरिंग तांब्याचं की अ‍ॅल्युमिनियमचं हे कसं ओळखायचं? सगळं बदलायचं तर किती सामान लागेल? (वाचक, काणकोण)

दोन्ही चंदेरी दिसू शकतात, म्हणून घोटाळा होतो. मेन पाडून तारेचं टोक सुरीने खरवडा. आत तांबूस रंग निघाला तर मुलामा दिलेलं तांबं. कितीही खरवडली तरी पांढरीच राहिली, तार एकेरी आणि मऊ असली, तर अ‍ॅल्युमिनियम.

अ‍ॅल्युमिनियमला नव्या फिटिंगची तांब्याची वायर पिळून जोडू नका. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, एवढ्यावर जोड आतून कुरतडला जातो, पांढरी भुकटी धरते, रोध वाढतो आणि जोड तापतो. फ्यूजला यातलं काहीच कळत नाही, कारण प्रवाह वाढलेला नसतो. जोडायचंच तर दोन्ही धातूंसाठी बनवलेला कनेक्टर घ्या. तो मिळत नसेल तर स्क्रूचा पितळी कनेक्टर वापरा, दोन्ही तारा त्यात एकमेकींना न टेकता समोरासमोर बसवा आणि सहा महिन्यांनी स्क्रू पुन्हा आवळा.

मापांबद्दल : बोर्डावर किंवा जुन्या पावतीवर 3/22 लिहिलेलं असेल तर 22 नंबरच्या तीन तारा, म्हणजे साधारण 1.2 चौरस मिलिमीटर तांबं. दिव्यांना ते पुरतं. 7/20 म्हणजे साधारण साडेचार, ती मोठ्या प्लगची. रबरी वायर असेल तर माप पुरेसं असूनही ती बदलाच, दोष तांब्यात नसून आवरणात आहे.

सामानाचा अंदाज असा. वीस पॉइंट, प्रत्येकाला सरासरी 7 मीटर, फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग मिळून तीन वायरी, म्हणजे 420 मीटर. 90 मीटरची पाच बंडलं 1.5 चौरस मिलिमीटर, आयएसआय खुणेची, आग न पसरवणारी. एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा 800 वॅट ही मर्यादा धरतात, तेव्हा वीस पॉइंटांना निदान दोन सर्किटं, प्रत्येकाला 6 अँपिअरचा एमसीबी आणि प्रत्येकाचं न्यूट्रल वेगळं. दोन सर्किटांना वेगवेगळे आरसीसीबी असतील आणि त्यांची न्यूट्रल कुठे एकत्र आली तर आरसीसीबी टिकणार नाही, कारण नसताना पडत राहील. चिऱ्याची भिंत खोदून पाइप पुरण्याचा मोह टाळा. मातीच्या सांध्यांची भिंत खोदल्याने सैल होते आणि पावसाळ्यात ओल पाइपात उतरते. लाकडावर आणि भिंतीवर पीव्हीसी केसिंग-कॅपिंग उघडी दिसते खरी, पण दोष आला तर झाकण काढून सापडतो.

प्रश्न : पंखा काढून त्याच पॉइंटवर एलईडी लावला, तो फडफडतो. (वाचक, पेडणे)

रेग्युलेटर अजून वाटेत आहे. एलईडीचा ड्रायव्हर त्यातून येणाऱ्या कापलेल्या दाबावर चालत नाही. पूर्ण वेगावर ठेवला तरी काही रेग्युलेटर थोडा दाब कापतात. मेन पाडून बोर्डात रेग्युलेटरच्या दोन वायरी त्यावरून सोडवा, कनेक्टरने एकमेकींना जोडा आणि रेग्युलेटरच्या जागी कोरी प्लेट लावा. पंख्याचा हुक मात्र तसाच राहू द्या.